मेमेचा आवाज

गेल्या रविवारी फोनवर मोठीने मला विचारलं, "आजी, मेमेचा खरा आवाज कसा होता? मला फक्त मशीनचा आठवतो."

मी म्हटलं, "सांगते हं." तेवढ्यात तुमच्याकडे मेलबर्नला झोपायची वेळ झाली, आईने फोन घेतला आणि माझं उत्तर राहून गेलं. इथे बर्मिंगहॅममध्ये सकाळच होती. फोन ठेवून मी बराच वेळ विचार केला आणि लक्षात आलं की मला ते फोनवर सांगताच आलं नसतं. लिहून तरी जमतंय का बघते. मला सगळं क्रमाने लागतं हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून सुरुवातीपासून सांगते.

मेमे म्हणजे तुमच्या बाबांची आई, माझी विहीण. तुमच्या आईचं लग्न ठरलं तेव्हा जावई म्हणाले होते, "माझी आई पूर्वी फ्रान्समध्ये सिनेमात काम करायची." ते ऐकून तुमचे आजोबा चार दिवस शर्टाला इस्त्री करत होते. मीही मनात एक बाई तयार केली होती, लांब सिगरेट आणि लांब मोजे असलेली. पहिल्या भेटीला दारात आली ती माझ्याच वयाची, बुटकी, रुंद हाडाची बाई. पावसाने भिजलेला कार्डिगन अंगात, हातात घरी केलेला टार्ट. डोळे मात्र असे की आजोबांनी टार्ट हातात घेतला आणि तो ठेवायचा कुठे तेच विसरले.

आमच्यात विहिणीला नावाने हाक मारत नाहीत, विहीणबाई म्हणतात, असं मी तिला सांगितलं. तिला ते फार आवडलं. "म्हणजे मी पण विहीणबाई, तुम्ही पण विहीणबाई?" तिने विचारलं. "मग भांडण झालं की कोण कोणाला ओरडतंय ते कसं कळतं?"

"आमच्यात ते आवाजावरून कळतं," मी म्हटलं.

त्यानंतर आम्ही इंग्रजीतच बोलायचो, पण हाक मारताना विहीणबाई. इथे मी तिचं बोलणं मराठीत लिहिते आहे. तिच्या इंग्रजीची लकब मराठीत उतरत नाही, ते पहिल्या ओळीपासूनच जाणवतंय.

मोठीचं बारसं आमच्याच घरी झालं, पुढच्या खोलीत. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगते ती आत्या. बाळाच्या कानाशी वाकून ती आधी "कुर्रर्र" करते, मग हळूच नाव सांगते, आणि त्याच वेळी बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. असं का, ते मला माहीत नाही. माझ्या आईलाही माहीत नव्हतं. तुमच्या बाबांना बहीण नाही, तेव्हा आत्या कुठून आणायची? तुमची आई म्हणाली, "मेमे करेल."

आमच्या मंडळातल्या एक जुन्या बाई म्हणाल्या, "अगं, आत्याचा मान आजीला कसा द्यायचा?"

"मग काकू, पुण्याहून एक आत्या पार्सलने मागवू का?" तुमच्या आईने विचारलं आणि विषय संपला.

बारशाच्या आधी मेमे माझ्या स्वयंपाकघरात शिकवणीला आली. मी घुगऱ्यांसाठी हरभरे निवडत होते. मला चिंता एकच होती, "कुर्रर्र"ची. कॉलेजात मी दोन वर्षं फ्रेंच शिकले होते. फ्रेंच लोकांचा र घशातून येतो, गुळण्या केल्यासारखा, हे मला पाठ होतं. म्हणून मी अगदी सावकाश, शाळेत शिकवतात तसं, जीभ कुठे लावायची ते सांगितलं.

तिने ऐकून घेतलं, हरभऱ्यांच्या ताटावर वाकली आणि म्हणाली, "कुर्रर्रर्र."

मी निवडणं थांबवलं. जिभेच्या टोकावर थरथरणारा, खणखणीत र. माझ्या आत्याचा होता तसा.

"हा तुम्हाला कसा येतो?"

"आमच्या गावचा आहे," ती म्हणाली. "समुद्रकाठचा. पॅरिसवाल्यांना येत नाही." मग म्हणाली, "पण मला का मारणार आहेत?"

"तो मान आहे."

"फ्रान्समध्ये मान असला की फुलं देतात, विहीणबाई."

"इथे धपाटे देतात. फुलं बाळाला."

बारसं झकास झालं. पाळणा नव्हता, म्हणून वेताची बास्केट दोन खुर्च्यांवर ठेवून तिला माझी पैठणी गुंडाळली होती. बास्केटच्या खालून-वरून बाळ देत "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" म्हणताना सगळ्यांची कंबर मोडली. नाव तांदळात लिहून ताट झाकून ठेवलं होतं. मेमे वाकली, बायका तुटून पडल्या. आजोबा नव्या कॅमकॉर्डरवर चित्रण करत होते, पण गर्दीमुळे त्यांना पुढे जाता आलं नाही. मागे सोफ्यावर उभं राहून त्यांनी ते टिपलं. मोठीनं भोकाड पसरलं, ताट उघडलं, सुंठवडा वाटला. रात्री मी कॅसेटवर लेबल लावलं आणि ती कपाटात ठेवली. माझ्या घरात काही हरवत नाही.

मोठी पाच वर्षांची होत आली तेव्हा मेमेचा घसा बसला. सर्दी असेल असं वाटलं. मग लॉझेंजेस, मध, माझा हळद-दुधाचा आग्रह. महिने गेले आणि तो आणखीच खरखरीत झाला, कोणी रिकामा डबा फरशीवरून ओढावा तसा. हॉस्पिटलमध्ये घशाच्या कॅन्सरचं निदान झालं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचायची चांगली शक्यता आहे, पण आवाज जाईल.

तिथे स्पीच थेरपिस्ट म्हणून एक तरुण मुलगी होती. ती म्हणाली, ऑपरेशनच्या आधी घरच्यांसाठी काही रेकॉर्ड करून ठेवा, नातवंडांसाठी एखादी गोष्ट वगैरे, बरेच जण करतात. मला ते लगेच पटलं. मी घरून टेपरेकॉर्डर आणला, नव्या कोऱ्या कॅसेट्स आणल्या, टेबलावर टॉवेल पसरून त्यावर माइक ठेवला.

मेमेने ते सगळं पाहिलं आणि मान हलवली. "नाही."

"थोडंसंच. तिला उद्या ऐकायला हवं असेल."

"हा आवाज माझा नाही, विहीणबाई. हा त्या आजाराचा आहे. तो तिला द्यायचा नाही."

मी अनेक प्रकारे सांगून पाहिलं. तुमच्या आईने सांगितलं, तुमचे बाबा रडले. ती कोणावर रागावली नाही. फक्त माइकवर टॉवेल टाकला, पिंजऱ्यातल्या पोपटावर रात्री टाकतात तसा.

तेव्हा तुमचे बाबा म्हणाले, "असू दे. तिचे सिनेमे आहेत ना." आम्हा सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. कोणालाच आधी कसं सुचलं नाही! तिने ते सिनेमे घरात कधी ठेवले नव्हते आणि तुमच्या बाबांनी लहानपणी त्यातला एकच अर्धामुर्धा पाहिला होता. त्यांनी फ्रान्सहून डीव्हीडी मागवली. तिचा सर्वांत गाजलेला सिनेमा होता तो.

आमच्याच पुढच्या खोलीत बसलो. मेमे खुर्चीत, गळ्याला स्कार्फ. काळी-पांढरी फिल्म, बंदराचा धक्का, वारा, आणि ती चालत येते. बावीस-तेवीस वर्षांची. बाळांनो, तुमची मेमे किती सुंदर होती ते मी इथे लिहीत बसत नाही. ती डीव्हीडी तुमच्या घरी आहे, मोठे झालात की बघा. ती थांबली, एका माणसाकडे वळली आणि बोलली. मऊ, खोल, मधासारखा आवाज, मला माहीत होता त्याहून वेगळा, पण तरुणपणी, फ्रेंचमध्ये असाच असेल असं मी धरलं. मी म्हटलं, "सापडला बाई. हा घ्या तुमचा आवाज."

मेमे पडद्याकडेच बघत होती. त्या खरखरीत घशाने म्हणाली, "ही बाई रेडिओवर नाटकं करायची. फार सभ्य होती."

आम्हाला कळेना. तुमच्या बाबांनी सिनेमा थांबवला. मग तिने तुकड्या-तुकड्यांनी जे सांगितलं ते मी इथे जोडून लिहिते.

तिची आई माशांना मीठ लावायच्या कामावर होती, वडील जाळी विणायचे. गावात शूटिंगसाठी माणसं आली आणि धक्क्यावर उभ्या असलेल्या मुलींमधून दिग्दर्शकाने हिला उचललं. पॅरिसला नेलं, केस कापले, दात नीट केले. पहिल्या सिनेमात ती स्वतःच्या आवाजात बोलली. त्यात शेवटी तिचा नवरा बुडतो आणि ती त्याला हाका मारते. सिनेमा लागायच्या आधी काही लोकांना बोलावून दाखवला, तर त्या प्रसंगाला लोक हसले. तिच्या र ला हसले. तो र पॅरिसमध्ये फक्त विनोदी नाटकातल्या गावंढळांचा. लगेच रेडिओवरच्या त्या बाईंना बोलावून हिचं सगळं बोलणं पुन्हा भरून घेतलं. सिनेमा तुफान चालला. लोकांना चेहरा आवडला, आवाजही आवडला, आणि मग ते दोन्ही कायमचे एकत्र बांधले गेले. पुढच्या दहा-बारा सिनेमांत चेहरा हिचा, गळा त्यांचा.

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?" मी विचारलं.

"सुरुवातीला वाटलं. मग सवय झाली. आम्ही दोघी कधी कधी जेवायला जायचो. वेटर माझी सही मागायचे, आणि त्या तोंड उघडायच्या तेव्हा माझ्याकडेच बघायचे." ती हसली, खोकली. "नंतर तर सेटवर मला सांगायचे, आवाज काढू नकोस, नुसते ओठ हलव. कॅमेऱ्यामागचं कोणी ऐकलं तर हसतात."

काही वर्षांनी त्या बाईंनी लग्न करून काम सोडलं. निर्मात्यांनी दुसरा आवाज लावून पाहिला, तर लोक म्हणाले, हिला झालंय काय, ही आता खोटी वाटते. तिशी नुकती उलटली होती आणि कामं बंद झाली. पुढे गावच्या बंदरावर क्रेन बसवायला आलेल्या एका इंग्रज इंजिनिअरशी तिने लग्न केलं आणि बर्मिंगहॅमला आली. इथे एका मोठ्या दुकानात परफ्यूमच्या काउंटरवर तिला नोकरी मिळाली. ती का मिळाली ते सांगताना तिचे डोळे चमकले.

"आवाजासाठी, विहीणबाई. ते म्हणाले, काय सुंदर फ्रेंच ॲक्सेंट आहे तुमचा."

पडद्यावर बावीस वर्षांची मेमे तोंड अर्धवट उघडं ठेवून थांबलेली होती.

मग मी उठले, कपाटाशी गेले. वाढदिवस, नाताळ, दिवाळी, मोठीच्या पहिल्या पावलाची, सगळ्या कॅसेट्स ओळीने होत्या. म्हटलं, सिनेमा जाऊ दे, आपण स्वतः इतकं चित्रण केलंय. पुढचा आठवडाभर आजोबा आणि मी त्या बघत होतो. आणि बाळांनो, तेव्हा मला एक दिसलं, जे इतकी वर्षं समोर असून दिसलं नव्हतं. मेमे टेबलाच्या कोपऱ्यात बसून बोलत असते, ऐकू येत नाही, कारण आजोबा केकपाशी आहेत आणि तिथे सगळे एका सुरात ओरडताहेत. मग कॅमेरा तिच्याकडे वळतो. ती हसते. ओठ हलतात. आवाज नाही.

"माइक खराब आहे," आजोबा म्हणाले.

"अहो, माइक खराब असता तर तुमचं खोकणं कसं आलं असतं?"

प्रत्येक कॅसेटमध्ये तेच. कॅमेरा वळला की आवाज बंद, ओठ चालू. तिलाही ते माहीत नव्हतं. आम्ही दाखवलं तेव्हा ती टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली. कितीतरी वेळ पाहिलं आणि म्हणाली, "मला वाटायचं, मी बोलतेय."

राहिली बारशाची कॅसेट. सगळी भिस्त तिच्यावर होती, कारण मला आठवत होतं की आजोबा मागे होते, सोफ्यावर. मेमेला कॅमेरा दिसलाच नव्हता. म्हणजे तिथे ती नक्की बोलली होती. चित्रात तिची पाठ दिसली, निळा ब्लाउज, वाकलेली मान. आणि मग आमच्या बायका. हशा, "मारा गं जोरात!", धपाटे, मोठीचं रडणं.

तुमच्या बाबांचा मँचेस्टरला एक मित्र होता, साउंडचं काम करणारा. कॅसेट घेऊन आम्ही त्याच्याकडे गेलो. त्याने ती कॉम्प्युटरवर चढवली, पडद्यावर आवाजाच्या रेघा आल्या. एकेक रेघ तो खाली बसवत गेला. बायकांचं हसणं खाली गेलं, रडणं खाली गेलं. मग तो थांबला. "हा धातूचा आवाज कसला आहे? नेमका त्याच जागी आहे."

मी हेडफोन लावून ऐकलं. "बांगड्या," मी म्हटलं.

"एवढ्या?"

"आमच्याकडे बारशाला घालतात." दुसरं काय सांगणार? बारशाला रिकाम्या हाताने कोणी येतं का?

त्याने खूप प्रयत्न केला. संध्याकाळपर्यंत बसला बिचारा. बांगड्या काढल्या की तिचा आवाजही जायचा, कारण दोन्ही एकाच पट्टीत होते, असं तो म्हणाला. शेवटी जे उरलं ते मी पुन्हा पुन्हा ऐकलं. कुर्रची सुरुवात असेल. पंख्याची घरघरही असू शकेल. 

घरी येऊन मेमेला सांगितलं. तिने माझा हात थोपटला, जणू हरवलं होतं ते माझंच काहीतरी. पुढच्या सोमवारी ऑपरेशन झालं.

नंतर तिने मशीन घेतलं, ते गळ्याला लावून बोलायचं. मोठीला तोच आवाज आठवतो. मशीनला र येत नव्हता, ना तिच्या गावचा, ना पॅरिसचा.

वर्षभराने धाकट्याचा जन्म झाला. बारशाला कोणाला उभं करायचं, यावर या वेळी चर्चाच झाली नाही. मेमे स्वतःच बास्केटशी जाऊन उभी राहिली, मशीन टेबलावर ठेवून. कानात सांगायचं तर मशीन कसं चालेल? या वेळी मी आजोबांना समोर उभं केलं होतं, तिपाईवर कॅमेरा, बायकांना बांगड्या काढून ठेवायला सांगितल्या होत्या. कशासाठी, ते मला विचारू नका. त्या बिचाऱ्यांनीही विचारलं नाही. सगळ्यांनी मुकाट्याने काढून साइडबोर्डवर ठेवल्या.

मेमे वाकली. ओठ धाकट्याच्या कानाशी नेले. ओठ हलले, आधी लांब कुर्रर्र, मग नाव. ऑपरेशननंतर तिचा श्वासही तोंडातून येत नव्हता, गळ्यातल्या छिद्रातून यायचा. म्हणजे धाकट्या, तुझ्या कानाला वारासुद्धा लागला नसेल.

मागे बायका हात वर करून तशाच थांबल्या. एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर हिला कसं मारायचं? मेमे वाकलेलीच राहिली, वाट बघत. मग तिने एक हात मागे नेला आणि स्वतःच्याच पाठीवर दोनदा थापटलं. 'मारा की.'

मी पुढे होऊन मारलं. मग सगळ्यांनी मारलं, पण हलकं, आणि कोणाला हसू आलं नाही.

तेवढ्यात मोठी बास्केटच्या कडेला चढली. सहा वर्षांची, इथल्या शाळेतली. तिला वाटलं, मेमेचं काहीतरी राहिलं. तिने भावाच्या कानाशी तोंड नेलं आणि मोठ्याने म्हटलं, "कुऽऽ." र आलाच नाही. इथल्या मुलांना येत नाही. मेमेने तिच्याकडे वळून जीभ दाखवली, टाळूला टेकवून, थरथरवून, अशी, अशी. मोठीने पुन्हा केलं. "कुऽऽ." मेमेने पुन्हा दाखवलं. मोठी तिच्या तोंडात डोकावून बघत होती आणि तिला ऐकू काहीच येत नव्हतं. मला र येतो. मी पुढे होऊन करून दाखवला असता, पण तो माझा र झाला असता. मी तिथेच उभी राहिले.

त्यानंतर दीड वर्षाने मेमे गेली आणि तुम्ही मेलबर्नला गेलात.

बाळा, तू विचारलंस, तिचा आवाज कसा होता. थोडा जाड होता. वाक्याच्या शेवटी वर जायचा. हसण्याआधी किंचित थांबायचा. हे लिहून मी दोनदा वाचलं आणि यातून कोणालाही काही ऐकू येणार नाही, हे मला कळतंय. पहिल्या बारशाला तुझ्या कानात ती काय बोलली ते त्या खोलीत फक्त तू ऐकलंस, आणि तू तेव्हा बारा दिवसांची होतीस.

दुसऱ्या बारशाची कॅसेट पार्सलने पाठवते आहे. लेबल लावलं आहे. त्यात आवाज अगदी स्वच्छ आला आहे. तुझा "कुऽऽ" दोन्ही वेळा नीट ऐकू येतो.